पासवर्डची तिजोरी निवडताना : किल्ली कोणाच्या हाती?



आपल्या जिल्ह्यात पेढी लहान असो वा मोठी, गल्ल्याच्या खणात एक वही असतेच. पुढच्या पानांवर उधारीचा हिशोब आणि मागच्या पानांवर पासवर्ड. जीएसटीचा एक, ई-वे बिलाचा एक, बँकेचा एक, उद्यम नोंदणीचा एक, वीजबिलाचा एक आणि ज्यावर ऑर्डरी येतात त्या ईमेलचा एक. काही ठिकाणी तर ही वहीसुद्धा नसते. सगळे पासवर्ड मुनीमजींना किंवा कर सल्लागाराला पाठ असतात आणि खुद्द मालकाला त्यातील एकही ठाऊक नसतो.

पूर्वी हे चालून जात असे. परंतु १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, १ एप्रिल २०१८ पासून परराज्यात जाणाऱ्या मालासाठी ई-वे बिल आले, १ जुलै २०२० पासून लघुउद्योगांची उद्यम नोंदणी सुरू झाली. आता दुकानाचे शटर उघडायला जशी किल्ली लागते, तसा धंद्याचा प्रत्येक दरवाजा उघडायला पासवर्ड लागतो. शटरची किल्ली आपण अनोळखी माणसाच्या हातात देत नाही. पासवर्डच्या बाबतीत मात्र आपण निष्काळजी राहतो.

किल्ली परक्या हातात गेली की काय होते

ही भीती काल्पनिक नाही. जीएसटी सुरू होऊन वर्ष होताच केंद्रीय अर्थ मंत्रालयाकडे देशभरातून तक्रारी आल्या. व्यापाऱ्यांनी नोंदणीचे काम मध्यस्थांवर सोपवले होते. मध्यस्थांनी अर्जात व्यापाऱ्याऐवजी स्वतःचा मोबाईल क्रमांक व स्वतःचा ईमेल टाकला आणि पुढे पासवर्ड देण्यास नकार दिला. व्यापारी आपल्याच खात्याबाहेर उभा राहिला! अखेर जुलै २०१८ मध्ये मंत्रालयाला त्यासाठी स्वतंत्र मार्ग जाहीर करावा लागला. आपल्या कार्यक्षेत्रातील कर अधिकाऱ्याकडे कागदपत्रे घेऊन जावे, अधिकाऱ्याने खातरजमा करून नवा ईमेल व मोबाईल नोंदवावा, असा तो मार्ग आहे. ज्यांच्या खात्यावर अद्याप दुसऱ्याचा क्रमांक आहे, त्यांनी पुढील मजकूर वाचण्याआधी हे काम यादीत सर्वांत वर लिहावे.

१ एप्रिल २०२५ पासून ही बाब अधिकच निकडीची झाली आहे. ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर आता सर्वांनाच पासवर्डसोबत ओटीपी द्यावा लागतो. समजा, परभणीहून जालन्याच्या कारखान्यासाठी भंगाराची गाडी भरून उभी आहे. महाराष्ट्रात राज्यांतर्गत एक लाख रुपयांवरील मालाला ई-वे बिल लागते. बिल काढायला बसलो, तर ओटीपी गेला सल्लागाराच्या मोबाईलवर आणि सल्लागार लग्नाच्या गर्दीत. गाडी जागेवर, ड्रायव्हर चहावर आणि भाडे चालू. यात कोणाची बेइमानी नाही, पण नुकसान मात्र आपलेच.

वही का पुरेशी नाही?

वहीला आम्ही सरसकट वाईट म्हणणार नाही. घरातील कपाटात कुलूपबंद वही इंटरनेटवरील चोराच्या हाती लागत नाही. पण दुकानाच्या खणातील वही येणारा-जाणारा कोणीही उघडतो, मोबाईलने तिचा फोटो काढतो. ती पावसात भिजते, हरवते आणि आपण मंठ्याच्या बाजारात असलो की ती जालन्यात असते.

याहून मोठा दोष असा की वहीतून बघून टाईप करायचे म्हटले की माणूस सोपा पासवर्ड ठेवतो आणि सगळीकडे तोच वापरतो. २०२० मध्ये बिगबास्केट या किराणा कंपनीच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती चोरीस गेली. अशा चोरीत मिळालेला ईमेल आणि पासवर्ड चोर केवळ त्या एका दुकानापुरता वापरत नाहीत. संगणकाच्या साहाय्याने तीच जोडी ते बँका, ईमेल, सरकारी संकेतस्थळे अशा शेकडो ठिकाणी लावून पाहतात. किराण्याच्या खात्याचा आणि धंद्याच्या ईमेलचा पासवर्ड एकच असेल, तर चोरी किराण्याच्या दुकानात होते आणि घर आपले लुटले जाते.

म्हणून प्रत्येक ठिकाणी वेगळा व लांब पासवर्ड हवा. पन्नास वेगळे पासवर्ड पाठ करणे कोणालाही शक्य नाही. यासाठीच पासवर्ड मॅनेजर नावाची सोय आहे.

पासवर्ड मॅनेजर म्हणजे काय?

ही एक संगणकीय तिजोरी होय. आपण केवळ एक मुख्य पासवर्ड लक्षात ठेवायचा. त्याने तिजोरी उघडते आणि आतील सगळे पासवर्ड हाती येतात. नवे पासवर्ड तिजोरी स्वतः तयार करून देते. मोबाईलवर साठवलेला पासवर्ड दुकानातील संगणकावरही दिसतो.

आणखी एक फायदा फार कमी लोकांना ठाऊक आहे. बँकेसारखे हुबेहूब दिसणारे बनावट पान समोर आले, तर माणसाचा डोळा फसतो. तिजोरी मात्र पानाचे रूप बघत नाही, पत्ता बघते. पत्ता जुळला नाही, तर ती पासवर्ड भरून देत नाही. ती गप्प बसली की आपण सावध व्हावे.

चांगल्या मॅनेजरची रचना समजून घेण्यास बँकेच्या लॉकरचे उदाहरण घ्या. समजा, आपण लोखंडी पेटीला स्वतःचे कुलूप लावले आणि ती पेटी बँकेच्या लॉकरखोलीत ठेवली. खोली बँकेची, पहारा बँकेचा, पण पेटीची किल्ली फक्त आपल्याकडे. चांगला मॅनेजर असाच चालतो. आपले पासवर्ड आपल्याच मोबाईलवर सांकेतिक रूपात बंद होतात आणि ती बंद पेटी कंपनीच्या संगणकावर जाते. मुख्य पासवर्ड कंपनीकडे जातच नाही. कंपनीचा नोकर फितूर झाला, तरी त्याला पेटी दिसेल, आतील माल दिसणार नाही.

२०२२ चा धडा

लास्टपास ही या क्षेत्रातील नामांकित अमेरिकन कंपनी. २०२२ मध्ये चोर तिच्या लॉकरखोलीतच शिरले. एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकात जुने, दुरुस्त न केलेले सॉफ्टवेअर होते. त्यातून शिरकाव करून चोरांनी त्याचा पासवर्ड टिपला आणि ग्राहकांच्या पेट्यांच्या प्रती उचलून नेल्या. पेट्यांच्या प्रती गेल्याचे कंपनीने २२ डिसेंबर २०२२ रोजी जाहीरपणे मान्य केले.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली, किल्ल्या कंपनीकडे नव्हत्या, म्हणून त्या चोरांनाही मिळाल्या नाहीत. ज्यांचा मुख्य पासवर्ड लांब व वेगळा होता त्यांची पेटी बंदच राहिली. ज्यांनी मुलाचे नाव आणि जन्मसाल ठेवले होते, त्यांचे कुलूप चोर आपल्या घरी बसून सवडीने फोडू शकत होते.

दुसरी, पेटीच्या आतील पासवर्ड झाकलेले होते, परंतु कोणकोणत्या संकेतस्थळांचे पासवर्ड आत आहेत ते पत्ते उघडे होते. म्हणजे कोणती पेटी फोडण्याजोगी आहे, हे चोरांना बाहेरूनच कळत होते.

तिसरी, पासवर्डचा प्रत्येक अंदाज तपासताना चोराला किती मेहनत पडावी, हे मॅनेजरच ठरवत असतो. त्यासाठी एकच आकडेमोड हजारो वेळा करायला लावतात. लास्टपासच्या काही जुन्या खात्यांत ती केवळ ५,००० वेळा होत होती. आज याच पद्धतीसाठी तज्ज्ञ ६,००,००० वेळांची शिफारस करतात. कुलूप जुने झाले होते आणि मालकाला कोणी कळवले नव्हते.

विश्वासाच्या पाच कसोट्या

मोठे नाव व गुळगुळीत जाहिरात पाहून मॅनेजर घेऊ नये. पुढील पाच प्रश्न विचारावेत.

१. मुख्य पासवर्ड विसरलो तर कंपनी काय करते? केवळ ईमेलवर दुवा पाठवून ती तिजोरी उघडून देत असेल, तर किल्ली तिच्याकडेही आहे, असे समजावे. "आम्हाला उघडता येत नाही" हे उत्तर ऐकायला कडू, पण विश्वासाचे आहे.

२. रचना तपासता येते काय? काही मॅनेजरांचा मूळ संगणकीय मजकूर सर्वांसाठी खुला असतो. जाणकार तो वाचून दोष दाखवू शकतात. शिवाय त्रयस्थ संस्थेकडून तपासणी होऊन तिचा अहवाल प्रसिद्ध झालेला असावा.

३. आपल्याकडील सर्व उपकरणांवर चालतो काय? खिशात अँड्रॉइड, दुकानात विंडोजचा संगणक आणि मुलाच्या हातात आयफोन, असे आज अनेक घरांत आहे. एकावर चालून दुसऱ्यावर अडणारी तिजोरी आठ दिवसांत सोडून दिली जाते.

४. माल बाहेर काढता येतो काय? कंपन्या आपली धोरणे बदलतात. लास्टपासने मार्च २०२१ पासून मोफत खाते एकाच प्रकारच्या उपकरणापुरते केले, म्हणजे मोबाईल किंवा संगणक यांपैकी एकच. मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या ऑथेंटिकेटर ॲपमधील पासवर्ड साठवण्याची सोय बंद केली. सगळे पासवर्ड एका फाईलमध्ये काढून दुसरीकडे नेण्याची सोय नसेल, तर त्या दुकानात शिरूच नये.

५. संकट आल्यावर कंपनी खरे बोलली काय? चोरी कोठेही होऊ शकते. ती लपवली की लगेच सांगितली, हे तिच्या पूर्वेतिहासावरून पाहावे.

कोणाला कोणता सोयीचा?

ज्यांच्याकडे केवळ अँड्रॉइड फोन आहे आणि संगणकावरही क्रोमच वापरतात, त्यांना गुगलचा मॅनेजर आयता मिळतो. तो काहीच नसण्यापेक्षा खूप बरा. मात्र सगळा भार एका जीमेल खात्यावर पडतो. ते खाते दुसऱ्याच्या हाती गेले की सर्वच गेले. तसेच दुकानातील संगणक सर्वांसाठी उघडा राहत असेल, तर त्यावरील क्रोममध्ये पासवर्ड साठवणे म्हणजे तिजोरी उघडी ठेवून नमाजला जाण्यासारखे आहे.

ज्या घरात सर्वांकडे आयफोनच आहेत, त्यांच्यासाठी ॲपलने सप्टेंबर २०२४ मध्ये पासवर्ड्स नावाचे स्वतंत्र ॲप दिले. विंडोजच्या संगणकावरही त्याची सोय करता येते, परंतु अँड्रॉइडसाठी ते नाही. त्यामुळे मिश्र उपकरणे असलेल्या पेढीच्या ते कामाचे नाही.

मिश्र उपकरणांसाठी बिटवॉर्डन विचारात घ्यावा. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या मॅनेजरचा मूळ मजकूर खुला आहे, त्रयस्थ तपासण्या झालेल्या आहेत आणि तो विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड व आयफोन या सर्वांवर चालतो. मोफत खात्यातही उपकरणांच्या किंवा पासवर्डच्या संख्येवर बंधन नाही. कॅनडातील वनपासवर्ड हा सशुल्क आहे. त्यात मुख्य पासवर्डसोबत आणखी एक गुप्त किल्ली असते. त्यामुळे कंपनीकडील पेटी चोरीला गेली, तरी केवळ अंदाजाने ती फोडणे जवळपास अशक्य होते. चेन्नईच्या झोहो कंपनीचा झोहो व्हॉल्टही आहे. ज्यांचे हिशोब आधीच झोहोवर आहेत, त्यांनी तो पाहावा.

ज्यांना आपला माल कोणत्याही कंपनीच्या संगणकावर ठेवणे मान्य नाही, त्यांच्यासाठी कीपास आहे. २००३ मध्ये डॉमिनिक राइखल या जर्मन अभियंत्याने तो तयार केला. तो मोफत व खुला आहे. सगळे पासवर्ड एका बंद फाईलमध्ये राहतात आणि ती फाईल आपल्याकडेच असते. तीच फाईल संगणकावर कीपासएक्ससी, अँड्रॉइडवर कीपासडीएक्स आणि आयफोनवर कीपॅसियम या ॲपने उघडते. मात्र फाईल एका उपकरणावरून दुसऱ्यावर नेण्याची जबाबदारी आपली. मोबाईलवर एक बदल केला, संगणकावर दुसरा केला की दोन वेगळ्या वह्या तयार होतात आणि खरी कोणती ते कळत नाही. म्हणून बदल फक्त दुकानातील संगणकावर करावा, मोबाईलवर केवळ प्रत ठेवावी आणि दोन पेन ड्राइव्हवर फाईल उतरवून एक घरी, एक दुकानी ठेवावी. हिशोबाची शिस्त असलेल्यांनाच ही पद्धत झेपते.

आमचे मत विचाराल, तर मिश्र उपकरणे असलेल्या सर्वसाधारण व्यापाऱ्याने बिटवॉर्डन घ्यावा. रोजचा गल्ला रोज मोजून बंद करणाऱ्याने कीपास घेण्यास हरकत नाही.

खऱ्या दुकानातूनच घ्या

चांगला मॅनेजर निवडूनही फसगत होऊ शकते. ऑक्टोबर २०२३ मध्ये गुगलवर कीपासची एक जाहिरात दिसत होती. तिच्या पत्त्यातील पहिल्या अक्षराखाली एक बारीकसे चिन्ह होते, इतकाच खऱ्या पत्त्यापासून फरक. त्या पत्त्यावर विषारी सॉफ्टवेअर मिळत होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲपलच्या दुकानात लास्टपासच्या नावाशी मिळतेजुळते बनावट ॲप आढळले. म्हणून शोधयादीत सर्वांत वर येणाऱ्या जाहिरातीवर बोट ठेवू नये. व्हॉट्सॲपवर आलेल्या फाईलमधून तर कधीच घेऊ नये.

मुख्य पासवर्ड कसा असावा?

दुकानाचे नाव, गाडीचा क्रमांक, मुलांची नावे, सर्वांना पाठ असलेली ओळ हे सर्व टाळावे. शब्दकोश घ्यावा, डोळे मिटून पाच ठिकाणी उघडावा आणि बोट पडेल तो शब्द लिहावा. उदा. पतंग, करवत, आजोळ, फिटकरी, डबके. (हे उदाहरण छापून आले आहे, म्हणून हेच वापरू नये.) ७,७७६ शब्दांच्या यादीतून असे पाच शब्द निवडले, तरी २८ वर अठरा शून्ये इतक्या जोड्या होतात. त्या तपासण्यात चोराचे आयुष्य जाईल. आपल्याला मात्र पाच शब्दांची गोष्ट रचून ते चार दिवसांत पाठ होतात.

एक व्यावहारिक सूचना. शब्द मराठी किंवा उर्दू असले, तरी ते इंग्रजी अक्षरांत टाईप करावेत. आपल्या फोनवर मराठी कळफलक असेल, पण सायबर कॅफेतील किंवा भावाच्या संगणकावर तो नसेल, तर तिजोरीच उघडणार नाही. तसेच स्पेलिंग एकदा ठरवून कागदावर लिहावे.

तिजोरीला पासवर्डशिवाय दुसरी पायरीही लावावी, म्हणजे ऑथेंटिकेटर ॲपमधील सहा आकडी अंक. त्या वेळी मिळणारा पुनर्प्राप्तीचा कोड कागदावर उतरवून घ्यावा. फोन पाण्यात पडला, तर तोच कामी येतो. यूपीआयचा पिन व एटीएमचा पिन मात्र तिजोरीतही ठेवू नये. ते डोक्यातच असावेत. ओटीपी तर कोणालाही सांगायचा नाही.

सुरुवात कशी करावी?

एका दिवसात सगळे करू नये. पहिल्या दिवशी फक्त ईमेलचा पासवर्ड बदलून तिजोरीत ठेवावा, कारण बाकी सर्व खात्यांचे पासवर्ड ईमेलवरून बदलता येतात. दुसऱ्या दिवशी बँक, तिसऱ्या दिवशी जीएसटी व ई-वे बिल. नंतर रोज दोन-तीन. आठ-दहा दिवसांत काम संपते. मग वहीतील ती पाने फाडून जाळावीत. एका मॅनेजरमधून दुसऱ्यात जाताना जी फाईल निघते, तिच्यात सगळे पासवर्ड उघडे असतात. काम होताच ती पुसावी व संगणकाच्या कचरापेटीतूनही काढावी.

मुनीमजी, सल्लागार आणि वारस

मुनीमजींना काम तर करावेच लागेल. त्यासाठी त्यांना मालकाचा पासवर्ड देण्याची गरज नाही. ई-वे बिलाच्या संकेतस्थळावर उपवापरकर्ता तयार करता येतो. त्याचा पासवर्ड वेगळा, मोबाईल वेगळा आणि अधिकार आपण देऊ तेवढेच. जीएसटीच्या संकेतस्थळावरही नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनरला आपल्या खात्यातून नेमता येते. तो स्वतःच्या खात्यातून काम करतो आणि नको असेल तेव्हा आपण नेमणूक काढून घेऊ शकतो. यात सल्लागारावर अविश्वास नाही. उलट उद्या काही गडबड झाली, तर त्याच्यावर नाहक संशय येत नाही. हिशोब चोख असला की दोस्ती टिकते.

आता सर्वांत नाजूक बाब. मुख्य पासवर्ड फक्त आपल्याच डोक्यात असेल आणि आपल्याला काही झाले तर? कंपनी तिजोरी उघडून देणार नाही, हे आपण वर चांगले लक्षण मानले. तेच लक्षण वारसांसाठी बंद दार ठरते. कोणाचे देणे आहे, कोणाकडून येणे आहे, कारागिरांची मजुरी किती राहिली, हे सगळे आज संगणकात असते. ते उघडले नाही, तर मृताच्या डोक्यावरील कर्ज फिटणार कसे आणि लोकांची अमानत परत जाणार कशी?

म्हणून मुख्य पासवर्ड व पुनर्प्राप्तीचा कोड स्वच्छ अक्षरात कागदावर लिहून, पाकीट बंद करून, घरातील कपाटात किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा. ते कोठे आहे, हे पत्नी, मुलगा किंवा भाऊ यांपैकी एका विश्वासू व्यक्तीस सांगावे. मुख्य पासवर्ड बदलला की पाकीटही बदलावे.

एवढे करूनही पैशांची फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे. पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार पोहोचली, तर ते रोखले जाण्याची शक्यता असते.

कुलूप निवडताना आपण लोखंड पाहतो, वजन पाहतो, कारागिराचे नाव विचारतो. पासवर्डच्या तिजोरीचेही तसेच आहे. ती कोणाचीही असो, किल्ली आपल्या हाती राहिली पाहिजे आणि आपल्या पश्चात ती योग्य हाती पडली पाहिजे. या आठवड्यात निदान एक काम करावे. जीएसटीच्या खात्यावर मोबाईल क्रमांक कोणाचा आहे, तो उघडून पाहावा.